दुसरीच्या वर्गातलं स्वस्त सामान: जून ते फेब्रुवारी वापरून झाल्यावर काय टिकलं आणि काय नाही

एप्रिल-मे आला की बऱ्याच जणी विचारतात की वर्ग कसा लावलास, काय काय घेतलंस, किती खर्च आला, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत हे सगळं रोज वापरात होतं, पूर्ण पावसाळा, दिवाळीची सुट्टी, गॅदरिंगची धावपळ सगळं यातून गेलंय, त्यामुळे आणल्या दिवशीचं कौतुक नाही हे, वापरानंतरचं मत आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसरीचा वर्ग, पट ३४, मराठी माध्यम, मध्य मुंबईतली जुनी इमारत. खोली एक आणि शाळा दोन, सकाळ अधिवेशन आमचं आणि दुपारी त्याच बाकांवर वेगळा वर्ग बसतो. भिंतींना पावसाळ्यात ओल येते, एक कपाट आहे त्यातला अर्धा भाग आमचा. म्हणजे मोठ्या शाळांचे जे सुंदर वर्ग फोटोत दिसतात, प्रत्येक कोपऱ्यात गालिचा आणि शेल्फ, ते इथे होणारच नाही, आणि मुंबईतल्या बहुतेक बाईंची हीच गत आहे.

त्यामुळे मी प्रत्येक वस्तू दोनच गोष्टींवर तपासली. एक, सात वर्षांच्या मुलाला ती कुणालाही न विचारता स्वतःच्या हाताने घेता येते का आणि तशीच परत जागेवर ठेवता येते का. दोन, जुलै-ऑगस्टमध्ये ती जगते का. ज्या वस्तू या दोन्हीत पास झाल्या त्या अजून वर्गात आहेत, बाकीच्या कितीही छान दिसत असल्या तरी गेल्या.

सगळ्यात उपयोगी ठरल्या आंब्याच्या पेट्या. सीझन संपता संपता क्रॉफर्ड मार्केटला किंवा आपल्या नाक्यावरच्या फळवाल्याकडे हापूसच्या लाकडी पेट्या रिकाम्या पडलेल्या असतात, कुणी फुकट देतो कुणी वीस-तीस रुपये घेतो. पण आणली आणि लावली असं करू नका, ते लाकूड रंधा न मारलेलं कच्चं असतं, कुसळं निघतात. पेंढा झटकून आधी कडक उन्हात ठेवायची, बाहेर आलेले खिळे पकडीने काढायचे किंवा ठोकून आत घालायचे, मग ८० नंबरच्या काचपेपरने सगळ्या कडा घासायच्या आणि नंतर १२० नंबरने, शेवटी जुना ऑइलपेंट घरात असेल तर एक हात मारायचा. घासण्यात वेळ जातो पण इथे कंटाळा करायचाच नाही, मुलं दिवसातून किती वेळा त्यात हात घालतात ते बघा.

दोन पेट्या आडव्या एकावर एक, नट-बोल्टने जोडलेल्या, एवढीच उंची ठेवा. तिसरी चढवली की डोलते आणि मुलं त्याला धरून उभी राहतात. बांधायच्या तारेने जोडू नका, तारेची टोकं लागतात. आणि पावसाळ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पेटी भिंतीला टेकवायची नाही, तीन-चार बोटं अंतर सोडायचं आणि खाली दोन विटा द्यायच्या. आमच्याकडे एक पेटी साफसफाईच्या वेळी सरकून भिंतीला टेकली होती तिला मागून बुरशी धरली, बाकीच्या ठणठणीत आहेत.

पेट्यांमध्ये पुस्तकं ठेवलीत पण उभी रांगेत नाही, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. याचं कारण अगदी साधं आहे, आपली मराठी बालपुस्तकं बहुतेक पातळ, मधे दोन पिना मारलेली, त्यांना कणाच नसतो. रांगेत लावली की मुलाला नुसत्या कागदाच्या कडा दिसतात, त्यावरून त्याने पुस्तक निवडायचं कसं? समोर सुतळी ताणली, तिच्या मागे पुस्तकं टेकवली, एका वेळी थोडीच ठेवायची आणि दर सोमवारी बदलायची. बाकीची कपाटात. पुस्तकं तीच, संख्या तीच, पण मुलं आपणहून उठून घ्यायला लागली. पुस्तकांच्या पेटीत डांबरगोळ्या मात्र कधीही ठेवू नका, लहान मुलं तोंडात घालतात आणि त्या विषारी असतात. मी कडुनिंबाचा वाळवलेला पाला कागदात गुंडाळून ठेवते, उघडीप मिळाली की पुस्तकं वाऱ्यावर पसरते.

सॉफ्टबोर्डचा विषय. तयार बोर्ड महाग, आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यांचा बोर्ड करून वर कापड लावायचं असं सगळीकडे सांगतात, उन्हाळ्यात तो बरा वाटतो पण आपल्या हवेत जुलैतच मऊ पडून मधून फुगतो. त्याऐवजी प्लॅस्टिकची विणलेली चटई भिंतीवर आडवी टांगली, वरच्या कडेला पट्टी शिवून घेतली आणि दोन खिळ्यांवर अडकवली. दीड-दोनशे रुपयांत मिळते. विणीत सेफ्टीपिन छान बसते, टाचणी लागत नाही त्यामुळे खाली पडून पायात जायची भीती नाही, ओल लागली तरी काही होत नाही, घाण झाली की धुवायची. दुपारच्या वर्गाला जागा हवी असेल तर गुंडाळून बाजूला. मुलांची चित्रं मुलांच्याच डोळ्यांच्या उंचीवर लागली हा त्यातला मोठा फायदा, कारण चटई खाली टांगता येते.

सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पण लावलेत, काम भागतं. खिडकीजवळचे प्लॅस्टिकचे चिमटे उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, लाकडी घ्या.

आता फ्लेक्स. आपल्या मुंबईत वाढदिवस, दहीहंडी, गणपती झाले की फ्लेक्सचे ढीग निघतात, मंडळाच्या मुलांना नीट सांगितलं की शाळेसाठी हवेत तर ती आणूनसुद्धा देतात. मागची बाजू पांढरी असेल असाच घ्या. त्यावर मी ० ते १०० ची संख्यारेषा केली, एक सापशिडी केली आणि एक मोठा चौकटींचा पट, ज्यात अक्षरं बदलून खेळता येतं. मुलं त्यावर उड्या मारत ७ पासून ५ पुढे जातात, मागे येतात, आणि बेरीज-वजाबाकी अंगात जाते. परमनंट मार्करचं लिखाण पायाखाली महिनाभरात पुसट होतं, ऑइलपेंटने बारीक ब्रशने काढलेलं अजून दिसतंय. नवीन फ्लेक्सला वास येतो म्हणून काही दिवस गॅलरीत उघडा ठेवा. घडी घालू नका, घडीवर चिरतो, बांबूवर किंवा पाइपच्या तुकड्यावर गुंडाळा. आणि लादी ओली असेल त्या दिवशी अजिबात अंथरायचा नाही, फ्लेक्स ओल्या लादीवर सटकतो. भर पावसाच्या दिवसात म्हणूनच संख्यारेषा भिंतीवर जाते, तिथे बोट फिरवून खेळतात.

गणितासाठी आइस्क्रीमच्या काड्या, आणि याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण एवढ्या कमी पैशात एवढं शिकवणारी दुसरी वस्तू माझ्या वर्गात नाही. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला १०० काड्या, म्हणजे आमच्या पटाला नऊ गट धरून ९०० काड्या लागल्या. किरकोळ दुकानात पाकिटं घेत बसू नका, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला होलसेलमध्ये बरंच स्वस्त पडतं. दहा काड्या झाल्या की त्याला रबर, तो झाला दशक. साधे रबरबँड आपल्या दमट हवेत चिकट होतात आणि तुटतात, दोन महिन्यांच्या आत अर्धे गेले. मग सायकलवाल्याकडून पंक्चर झालेली जुनी ट्यूब आणली, कात्रीने आडव्या बारीक चकत्या कापल्या, त्या रिंगा अजून जशाच्या तशा आहेत. फुकट. ट्यूब आधी साबणाने धुवा, आतली पावडर निघाली पाहिजे.

आता बघा, ४२ वजा १७. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर आहेत. सात सुट्ट्या काढायच्यात पण आहेत दोनच. मूल गठ्ठ्याकडे बघतं, बाईंकडे बघतं, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याची रिंग काढतं. झाल्या १२ सुट्ट्या. सात बाजूला, उरल्या पाच. तीन गठ्ठ्यातला एक बाजूला, उरले दोन. २५. फळ्यावर खाडाखोड करून हातचा समजावताना जे कळत नाही ते रिंग काढताना कळतं, कारण तो दशक त्याने स्वतः बांधलेला असतो आणि स्वतः सोडलेला असतो. शाळेत तयार मण्यांची पाटी आहे, ती मोजायला चांगली आहे, पण तिच्यात दहाच्या मण्याची गाठ सोडता येत नाही. ज्यांना एकच गोष्ट करायची असेल त्यांनी ही करा.

बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहून शब्द बनवायचे हा प्रकार खूप जणी करतात. मार्करने वर लिहिलं की मुलांच्या घामाच्या हातांनी पुसलं जातं, त्यामुळे झाकणाच्या आतल्या खोलगट बाजूला गोल कागद चिकटवा आणि वरून फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, बोट तिथे घासत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. ही कल्पना इंग्रजीसाठी सरळ चालते, आपल्या मात्रा वर जातात, खाली जातात, वेलांटी आधी येते, झाकणं शेजारी शेजारी ठेवून 'कि' होत नाही. म्हणून झाकणं फक्त कमळ, गवत, मगर अशा बिनकान्याच्या शब्दांना ठेवली. मात्रांसाठी शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक जमवलं, सारख्या मापाचे चौकोन कापले, प्रत्येकावर एकेक मात्रा काढली, आणि अक्षरकार्डावर ते ठेवायचं. क च्या कार्डावर वेलांटी ठेवली की कि, काढून उकार ठेवला की कु. अक्षर कार्डाच्या मध्यभागी थोडं लहान काढा, चारी बाजूंनी जागा सुटली पाहिजे. प्लॅस्टिकचे कोपरे कात्रीने गोल करा. ऑक्टोबरपासून हे रोज वापरतोय आणि जी मुलं बाराखडी पाठ म्हणायची पण शब्दात अडायची त्यांना याचा फार उपयोग झाला.

अक्षरकार्डं लग्नपत्रिकांची केली. जाड, गुळगुळीत, आणि तुळशीचं लग्न झालं की प्रत्येक घरात येतात. पालकसभेत पैसे नाही, पत्रिका मागितल्या, ढीग जमला. फक्त एक बघा, पत्रिकेवर लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात, ती बाजू पांढऱ्या कागदाने पूर्ण झाकून चिकटवा. लॅमिनेशन सगळ्याला करू नका, खर्च वाढतो, जी कार्डं रोज हातात असतात तेवढ्यांनाच करा. आणि कापताना कार्डाच्या अगदी कडेला लागून कापू नका, बाहेर दोन-तीन मिलिमीटर प्लॅस्टिकची बंद कड राहिली पाहिजे, नाहीतर ओल आत शिरते आणि पापुद्रे सुटतात.

यात मी काही नवीन शोधलंय असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या तेव्हा शिंपले, बिया, पानं, माती असंच साहित्य वापरलं, आजूबाजूला जे मिळतं तेच मुलांच्या हातात दिलं. बोर्डीला शिंपले होते, आमच्या आजूबाजूला फ्लेक्स, पत्रिका आणि सायकलच्या ट्यूबा आहेत.

दारामागे टांगायची चपलांची पॉकेटवाली पिशवी. कल्पना मस्त आहे, एका नजरेत सगळं दिसतं, कात्र्या, खोडरबर, शार्पनर, पट्ट्या. पण दीडशे-दोनशेवाली जी पातळ न विणलेल्या कापडाची मिळते ती दिवाळीपर्यंत खालच्या शिवणीतून उसवली. मग एका पालकांनी, टेलरकाम करतात त्या, जुन्या जीन्सची पॉकेट्स मोठ्या कापडावर शिवून दिली, ती दणकट आहे. मुलागणिक एक पॉकेट असं वाटप करायला जाऊ नका, पॉकेट्स साधारण २४ असतात आणि पट त्याहून जास्त, वस्तूगणिक पॉकेट ठेवा आणि प्रत्येकावर शब्दाबरोबर चित्र पण लावा. चित्र असलं की ज्याला अजून वाचता येत नाही तोसुद्धा कात्री बरोबर ठेवतो.

पेन्सिली. रोज कुणाची तरी हरवलेली असते, रोज रडारड. दोन डबे ठेवलेत, एकात टोक केलेल्या, दुसऱ्यात टोक मोडलेल्या. मोडली की इकडे टाक, तिकडून घे, तास चालू राहतो. दिवसाच्या शेवटी दोन मुलं टोकं करतात. खर्च शून्य आणि तास थांबणं बंद.

पावसाचा कोपरा हा मुंबईच्या प्रत्येक वर्गात हवाच. इथे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ३४ छत्र्या-रेनकोट वर्गात आले की दप्तरं, वह्या, लादी सगळं ओलं. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, त्यात छत्र्या उभ्या, मधल्या सुट्टीत पाणी ओतून टाकायचं. रेनकोटसाठी व्हरांड्यात नायलॉनची दोरी भिंतीच्या कडेने, जाण्यायेण्याच्या वाटेत आडवी नाही, घाईत बाहेर पडायची वेळ आली तर मुलं अडकायला नकोत. दारात गोणपाट, पण एक नाही दोन ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरं, नाहीतर आठवड्यात वास मारतं. पाण्याच्या बाटल्यांना वेगळा प्लॅस्टिकचा क्रेट दाराशी, कारण गळकी बाटली दप्तरात असली की पहिलं पुस्तक भिजतं.

सायकलच्या ट्यूबचा अजून एक उपयोग, बाकांच्या लोखंडी पायांना तुकडे चढवले. गट करताना बाक सरकवले की खालच्या वर्गात आवाज जायचा आणि तिथल्या बाई वर यायच्या, आता गट करायला कुणाची परवानगी लागत नाही. तुकडे झिजतात, दिवाळीनंतर परत चढवावे लागले.

भिंतीच्या खालच्या भागाला फळ्याचा काळा रंग मारून मुलांसाठी फळा करतात ते कोरड्या भिंतीवर छान, आमच्या भिंतीला पोपडे येतात त्यामुळे तो विचार सोडून दिला. त्याऐवजी प्लायवूडचे तुकडे रंगवले. बिल्डिंगमध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरी फर्निचरचं काम चालू असतंच, सुताराला विचारलं की तुकडे मिळतात. पांढऱ्या सनमायकाचे तुकडे पण आणले होते, मार्करने लिहायला बरे, पण मार्कर सुकतात आणि परत परत घ्यावे लागतात, मुलागणिक लिहायला साधी पाटी-पेन्सिलच परवडते.

थर्माकोल आणूच नका, चुरा होतो, मुलं तोंडात घालतात. स्पंजची रंगीत अक्षरं दिसायला गोड, पण मुलं त्यांचे कोपरे कुरतडतात आणि आमच्याकडे तर ओलीने डाग पडले. छताला लटकवायच्या शोभेच्या वस्तू एकदा लावल्या की वर्षभर धूळ खातात, मुलांचा हातच पोचत नाही, मग त्या कुणासाठी?

दोन अधिवेशनांचा प्रश्न सगळ्यांनाच असतो म्हणून आमचं कसं जमलं ते सांगते. सुरुवातीला काड्या कमी व्हायच्या, चटईवरची चित्रं निघायची, नाराजी दोन्हीकडे. दुपारच्या मॅडमशी बसून बोलले, त्या वयाने मोठ्या आहेत, त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या पोरांना पण हेच हवंय, लपवून ठेवण्यापेक्षा दोघींचं करूया." मग लाल टेपवालं सकाळचं, निळ्या टेपवालं दुपारचं आणि टेप नसलेलं दोघांचं. काड्या, फ्लेक्स, मात्रांची प्लॅस्टिकं सगळं दोघांचं झालं, खर्च पण वाटला गेला. पेटीत जिथे जी वस्तू ठेवायची तिथे तिचा आकार ऑइलपेंटने आखला, त्यामुळे काय कमी आहे ते सुट्टीच्या आधी मुलांनाच कळतं. शेवटची पाच मिनिटं आवरायची, त्यात शिकवायचं नाही, ही शिस्त दोन्ही वर्गांनी पाळली म्हणून सामान टिकलं. साफसफाईच्या मावशींना पण सुरुवातीलाच सगळं दाखवा, कुठली बादली कशाची, नाहीतर त्या बिचाऱ्या कचरा समजून टाकून देतात.

खर्च म्हणाल तर सगळं मिळून साधारण अडीच हजार, त्यातला काही सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून मिळाला, काही आम्ही दोघींनी घातला. हे मात्र स्पष्ट बोलते, बाईंनी पदरचे पैसे घालणं ही सवय होऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य आणि खेळाचं साहित्य, आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय द्यायचं लिहिलंय, त्यामुळे यादी करून मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी जूनमध्येच द्या आणि पोच घ्या, मागितलं तर काही ना काही मिळतं.

पैसे पाचशेच असतील तर माझा क्रम असा, आधी काड्या आणि ट्यूबच्या रिंगा, मग चटई, मग पत्रिकांची अक्षरकार्डं आणि मात्रा. मुलं शाळेत यायच्या आधी एवढं होतं. आंब्याच्या पेट्यांसाठी फळवाल्याला मेच्या मधेच सांगून ठेवा आणि घासायचं-रंगवायचं काम पाऊस यायच्या आत संपवा, कारण एकदा पाऊस सुरू झाला की ऑइलपेंट वाळतच नाही.